एनिफाची अकरावी गोष्ट

कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आमच्या घरामागे हातभर जमीन होती. टाउनहाऊसला असते तेवढीच, म्हणजे दोन खुर्च्या टाकल्या की संपली. मी तिथे भोपळा लावला. माझी सून मंजिरी म्हणाली, आई, वेल कुंपणाच्या पलीकडे गेला तर असोसिएशनची चिठ्ठी येते हं. आता वेलाला हे कोण सांगणार? तो गेलाच. आणि एके दिवशी दुपारी चिठ्ठीऐवजी कुंपणापलीकडच्या इमारतीतली एनिफा आली.

उंच बाई, रंगाने काळीभोर, डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं, अंगात म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होमचा फिकट निळा गणवेश आणि हातात रिकामी कागदी पिशवी. वेलाकडे बोट करून काहीतरी म्हणाली. साल त्र्याऐंशी असेल, मला मुलाकडे येऊन जेमतेम सहा महिने झालेले. इंग्रजी म्हणजे येस, नो आणि थँक्यू. मी आपला एक लहानसा भोपळा तोडून पुढे केला. तिने तो परत माझ्याच हातात ठेवला, वेलाचं कोवळं पान देठासकट खुडलं आणि देठाची शीर सर्रकन खालपर्यंत सोलून काढली.

ते बघून मी हसलेच. भोपळ्याच्या पानांची भाजी करायची तर आधी त्या शिरा काढाव्या लागतात, नाहीतर घशात अडकतात. हे सांगलीकडच्या आमच्या गावाबाहेर कुणाला ठाऊक असेल असं मला वाटलंच नव्हतं. मी तिला आत बोलावलं. भाजीत काय घालता, असं तिने खुणेने विचारलं तेव्हा मी दाण्याच्या कुटाचा डबा उघडून दाखवला. तिने बोट बुडवून चाखलं आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसलीच. त्यांच्याकडेही त्या पानांत कूटच घालतात. ती मलावीची, आफ्रिकेतली. नकाशात तो देश कुठे असतो हे मला माझ्या नातीने, रेणूने दाखवलं.

तेव्हापासून चार वर्षं, मंगळवारी आणि शुक्रवारी तिची शिफ्ट संपली की एनिफा माझ्याकडे यायची. मला ती अमाई म्हणायची. त्यांच्याकडे वडीलधाऱ्या बाईला तसं म्हणतात. ती अठ्ठेचाळीसची असेल, मी साठीची. माझं इंग्रजी सगळं तिच्याकडून आलेलं आहे. त्यामुळे अजूनही माझे उच्चार ऐकून लोक बुचकळ्यात पडतात, की या मराठी आजीबाई असं कुठलं इंग्रजी बोलतात.

ती लेखिका आहे हे मला दोन महिन्यांनी कळलं. तिने सांगितलंच नाही. रेणूला एकदा लाँड्री रूममध्ये एक मासिक सापडलं, त्यात हिचा फोटो. मी विचारलं तर म्हणाली, हो, लिहिते थोडं. थोडं कसलं? एकोणीस वर्षांची असताना तिची पहिली गोष्ट त्यांच्या रेडिओवर लागली होती. गावात रेडिओ एकच, दुकानात. सगळं गाव तिथे जमलं आणि तिचे वडील मात्र बाहेर दारात उभे राहिले. लोकांना वाटलं, म्हातारा रागावला. ते खरं तर ऐकणाऱ्यांची तोंडं बघत होते. हे सांगताना ती स्वतःच उठून दारात जाऊन उभी राहिली आणि वडिलांसारखी एकेकाचं तोंड निरखू लागली. स्वयंपाकघरात मी एकटी होते, पण मलासुद्धा वाटलं की मागे दहा माणसं बसलीत.

गावी ती मास्तरीण होती. नवरा इथे शिकायला आला, मागून ही आली. नवरा कुठल्याशा सभेत तिकडच्या सरकारविरुद्ध बोलला आणि दोघांचे पासपोर्ट पुन्हा करून मिळेनात. परतायची सोय राहिली नाही. पुढे तो दुसऱ्या राज्यात दुसऱ्या बाईकडे गेला. त्याचं नाव ती घेत नसे, 'तो उंच माणूस' म्हणायची. ही स्वतः एवढी उंच, तर तो केवढा असेल याचा मी कधी कधी विचार करायची. पण त्याचं दुःख तिने कधी केलं नाही. दुःख एकच होतं. मुलगी. चिसोमो तिचं नाव. दोन वर्षांनी परत यायचंच आहे म्हणून तिला सहा वर्षांची असताना आजीकडे ठेवलं होतं. मी ओळखायला लागले तेव्हा ती पोरगी चौदाची झाली होती.

आता तिच्या लिहिण्याची रीत सांगते, कारण पुढचं सगळं त्यातच आहे.

ती आधी गोष्ट सांगायची. कागद पेन काही नाही, हाताला मात्र काम हवं. मी समोर मेथी नाहीतर मूग घेऊन बसायची, तीही निवडायला घ्यायची आणि सांगायला लागायची. मला सगळे शब्द कळत नसत. ते तिला बरंच वाटायचं. म्हणायची, अमाई, तुमचा चेहरा थांबला की मला कळतं, इथे मी उगाच हुशारी केली. तिला हुंकार लागायचा. त्यांच्यात गोष्ट ऐकणाऱ्याने मधून मधून 'तिली तोन्से' म्हणायचं असतं, म्हणजे आम्ही सगळे आहोत. मी म्हणायची, अगं, मी एकटीच आहे. ती म्हणायची, असू द्या, तरी म्हणा. त्यांच्याकडे दिवसाउजेडी गोष्ट सांगितली तर डोक्याला शिंगं फुटतात म्हणे. दर खेपेला सुरू करण्याआधी ती फडक्यावरून डोकं चाचपून बघायची आणि मला म्हणायची, अजून नाहीत.

आणि शेवट आला की थांबायची. अगदी तोंडाशी आलेला शेवट. मी विचारायची, मग? ती म्हणायची, मग कागद.

उठून घरी जायची, टाइपरायटरखाली टॉवेल घडी करून घालायची, कारण खालच्या मजल्यावरचा माणूस आवाजाने छत ठोकायचा, आणि दोन-तीन आठवड्यांनी टाइप केलेली पानं आणून द्यायची. ती रेणू मला वाचून दाखवायची. आठ-नऊ वर्षांची पोर, अडखळत इंग्रजी वाचायची, मला कळेल तसं अर्धंमुर्धं मराठी करायची, आणि अशा रीतीने मला शेवट मिळायचा. एकदा एका गोष्टीत शेवटी काहीच होत नाही, नुसती एक म्हातारी शेजारणीची केरसुणी परत देऊन येते. मी म्हटलं, पुढचं पान बघ. रेणू म्हणाली, "आजी, दॅट्स इट. संपलं." मी तरी पान उलटं करून बघितलं.

शेवट मला आधी का सांगत नाहीस, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, सांगितला की तो जातो. मन भरतं, मग हात लिहायला उठत नाही. मला ते पटलं होतं बरं का. पुरणाचा स्वयंपाक करताना वासानेच पोट भरतं आणि पानावर बसलं की दोन घासही जात नाहीत, तसंच हे. पटलं, पण मी ते तिच्या गोड सवयींपैकी एक म्हणून बाजूला ठेवलं.

लायब्ररीत तिचं वाचन होतं तेव्हाची गंमत सांगायलाच हवी. मंजिरीने मला गाडीने नेलं. मी साडीवर स्वेटर घालून पहिल्या रांगेत. आमच्यासकट बारा माणसं. तिने ती केरसुणीची गोष्ट वाचली आणि मी सवयीने मोठ्यांदा 'तिली तोन्से' म्हणून बसले. सगळे वळून बघायला लागले, मंजिरीने माझा हात दाबला, आणि एनिफा वाचता वाचता एवढी खुलली की काय सांगू. नंतर एका गृहस्थांनी प्रश्न विचारला की तुमच्या गावात सिंह यायचे का. ती फार नम्रपणे म्हणाली, "सिंह मी पहिल्यांदा इथे पाहिला. तिकीट काढून." त्याच दिवशी कॅरन भेटली. बर्कलीकडे लहानसं प्रकाशन चालवणारी पोरगी, विस्कटलेल्या केसांची, प्रामाणिक. ती म्हणाली, मला तुमचं पुस्तक करायचंय. अकरा गोष्टी द्या. दहा तयार होत्या.

अकरावी चिसोमोची होती.

त्याआधी श्रावणातला एक शुक्रवार सांगते. आमच्यात श्रावणी शुक्रवारी जिवतीची पूजा असते, आईने मुलांसाठी करायची. हातात अक्षता घेऊन कहाणी ऐकायची, आणि जी मुलं लांब असतील त्यांच्यासाठी चारी दिशांना अक्षता टाकून ओवाळायचं. माझी लेक सांगलीला, म्हणून मी टाकत होते. एनिफा आलेली होती. तिने विचारलं, हे काय? मी सांगितलं. ती उठली आणि हात पुढे केला. मी तिच्या तळव्यावर अक्षता ठेवल्या. तिने विचारलं, मलावी कुठल्या दिशेला? रेणू आतून पृथ्वीचा गोल घेऊन आली, बराच वेळ फिरवत बसली आणि म्हणाली, "इट्स ऑन द अदर साइड. एनी वे इज ओके." मग एनिफाने चारी दिशांना टाकल्या. गणवेशातच. टाकून झाल्यावर हात तसाच वर राहिला होता, तो मी खाली घेतला.

तिला आमच्या कहाणीचं नवल वाटलं. शेवट सगळ्यांना ठाऊक, दरवर्षी तोच, आणि तरी तुम्ही ऐकता? मी म्हटलं, ऐकतो म्हणजे काय, पूर्ण ऐकावीच लागते. सुफळ संपूर्ण म्हटल्याशिवाय उठायचं नाही. अर्धी टाकली तर व्रत फळत नाही. तिने ते नीट ऐकून घेतलं. मीच बोलले होते ते, माझ्याच तोंडाने.

अकरावी गोष्ट तिने मला आठ महिने सांगितली. बाकीच्या एका बैठकीत व्हायच्या, ही होईना. परत पहिल्यापासून सुरू करायची. एक बाई खूप वर्षांनी देशात परत येते आणि गावच्या बसथांब्यावर उभी असते. बोर्डिंगच्या शाळेतून मुलीची बस येणार आहे. बाईने मुलीसाठी लाल स्वेटर आणलाय, सहा वर्षांच्या मुलीच्या मापाचा. दुकानात घेताना तिला ते कळलं नाही, आता थांब्यावर उभ्या उभ्या कळतंय. धूळ उडते. बस थांबते. मुली उतरायला लागतात, सगळ्यांचा एकच गणवेश. एक उतरते, दुसरी उतरते. बाई एकेकीचं तोंड बघते.

इथे थांबायची. मी विचारायची, मग? ती म्हणायची, मग कागद. पण कागद येत नव्हता.

सत्त्याऐंशीत माझ्या मुलाला, श्रीकांतला, ॲरिझोनात चँडलरला नोकरी लागली. कॉम्प्युटरच्या चिप्सच्या कारखान्यात, मोठी जागा. पंधरा दिवसांत घर आवरायचं. शेवटच्या शुक्रवारी एनिफा आली तेव्हा स्टूलसुद्धा बांधून झालं होतं. आम्ही दोघी जमिनीवर बसलो, खोक्यांच्या मध्ये. निवडायला काही नव्हतं म्हणून मी उरलेले मूग एका ताटात ओतले. निवडलेलेच होते. तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. थांबा, स्वेटर, धूळ, बस. मुली उतरल्या. थांबली.

मी म्हटलं, एनिफा, आज थांबू नकोस.

ती म्हणाली, अमाई, मग कागद.

खोटं कशाला सांगू, मी हट्टाला पेटले. मला वाटलं, ही आईची कहाणी आहे. आई आणि लेकीची. ही अशी अर्धी राहिली म्हणूनच पोरीचं काही होत नाही, ना एनिफा तिकडे जाऊ शकते, ना ती इकडे येऊ शकते. मी जाणार, पुन्हा ऐकणार कोण? एकदा पूर्ण होऊ दे, पोरगी भेटेल. मला तेव्हा हे इतकं खरं वाटत होतं. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत तिला तेच सांगितलं. म्हटलं, आमच्यात कहाणी अर्धी टाकून उठत नाहीत. सांग. तुझ्या लेकीसाठी सांग.

लेकीचं नाव काढायला नको होतं. तिने मुगाच्या ताटातून दोन्ही हात काढून घेतले आणि सांगितलं. चार-पाच वाक्यं होती. मला सगळं कळलं. एक शब्दही अडला नाही. मी रडले, तिला जवळ घेतलं, 'तिली तोन्से' म्हटलं आणि कहाणी झाल्यावर जोडतो तसे हात जोडले.

ती उठली, गणवेश झटकला.

"आता ती तुमच्याकडे आहे, अमाई," ती म्हणाली.

मला वाटलं, जाताना काहीतरी मायेचं बोलली.

चँडलरला ऊन म्हणजे आपला वैशाख बरा. भोपळ्याचा वेल दोनदा लावला, दोनदा जळला. एनिफाची कार्डं यायची. लिहिते आहे. मग, लिहीन. मग कार्डावर नुसतं हवामान. दिवाळीच्या सुमाराला कॅरनचा फोन आला. मंजिरीने घेतला, ऐकून माझ्याकडे बघितलं आणि रिसीव्हर हाताने झाकून म्हणाली, आई, कॅरन विचारतेय की गोष्टीचा शेवट तुमच्याकडे आहे का. एनिफाने सांगितलंय, माझ्याजवळ नाही, तिच्याकडे आहे.

तेव्हा मला कळलं, मी काय केलंय.

मी म्हटलं, आहे. देते. मंजिरी पेन घेऊन बसली. मी सांगायला लागले. तेच शब्द, तोच क्रम. मंजिरीने लिहून घेतलं, पेन थांबवलं आणि हळूच विचारलं, आई, एवढंच? मी कागद बघितला. अडीच ओळी. तिच्या तोंडून ऐकताना मला धूळ दिसली होती, पोरीच्या गणवेशाची कॉलर दिसली होती. कागदावर पत्ता लिहावा तसं काहीतरी होतं. तरी आम्ही तो एनिफाला पाठवला. म्हटलं, यावरून तिला तरी सुचेल. आठ दिवसांनी तिचं कार्ड आलं, "होय अमाई, असंच होतं." त्याच्यापुढे काही नाही.

पुस्तक निघालं, पण एनिफाच्या मागे, आणि दहा गोष्टींचं. पातळसं आहे. माझ्याकडे आहे.

एक-दोन वर्षांनी कॅरनकडून एक पत्र फिरत फिरत आलं. चिसोमोचं. फार सुंदर अक्षर. तिने एवढंच विचारलं होतं, आईने माझ्यावर कधी काही लिहिलं होतं का. मी आधी मराठीत लिहिलं, सहा पानं. थांबा, स्वेटर, धूळ, सगळं. आणि शेवटसुद्धा. रेणू आता मोठी झाली होती, तिने दोन दिवस बसून इंग्रजी केलं, एका शब्दासाठी मला चार चारदा उठवलं. घराबाहेर तो शेवट त्यानंतर मी तेवढ्या एकाच माणसाला दिला. तुम्हालाही सांगणार नाही, राग मानू नका. तो तिचा आहे.

आता एनिफाला शेवटचं पाहिलं ते सांगते आणि थांबते.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात कॅरनने कळवलं की तिच्या डोक्यात गाठ निघाली आहे. शस्त्रक्रिया झाली, उजवा हात गेला, आणि मागच्या वर्ष-दीड वर्षातलं पुसून गेलं. तिला वाटतं, तुम्ही अजून कुंपणापलीकडेच राहता. जिथे ती काम करायची त्याच नर्सिंग होममध्ये तिला ठेवलं होतं. मंजिरीने रजा घेतली, आम्ही दोघी गेलो. त्यानंतर तीन आठवड्यांनी ती गेली.

दुपारची वेळ होती. दार अर्धं उघडं. ती उशांना टेकून बसली होती, डोक्याचं फडकं मात्र तसंच घट्ट. शेजारच्या खाटेवर एक गोरी म्हातारी, अगदी चिमणीएवढी, तिच्याकडे कुशीवर वळून ऐकत होती. एनिफाचा आवाज ओढलेला येत होता, पण मी उंबऱ्यावरूनच ओळखलं. बसथांबा. स्वेटर. मुली उतरत होत्या आणि ती डाव्या हाताच्या बोटाने चादरीवर एकेक मुलगी ठेवत होती.

मंजिरी माझ्या कानाशी म्हणाली, आई, जा ना आत.

कशी जाऊ? तेवढा काळ पुसला गेला म्हणजे तो शुक्रवारही पुसला गेला होता. शेवट पुन्हा तिच्याजवळ आला होता. मी आत पाऊल टाकलं, तिने मला पाहिलं, आणि आठवलं तर?

मुली सगळ्या उतरून झाल्या. एनिफाचं बोट थांबलं. म्हातारीने मान उचलली आणि विचारलं, मग?

एनिफा हसली. हात चादरीवर झाकण ठेवावं तसा ठेवला आणि हसली.

मी चपला काढून हातात घेतल्या, आवाज नको म्हणून, आणि मागे फिरले.